पादसेवा, पेडिक्युअर आणि वैद्याची जबाबदारी



दिनचर्येचा उपदेश करताना आपण सर्वजण पादाभ्यंगाचे महत्त्व रुग्णास आवर्जून सांगतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात आणि वाग्भटाचार्यांनी दिनचर्याध्यायात पायांच्या निगेस स्वतंत्र स्थान दिले आहे. पाद हे कर्मेंद्रिय होय. देहाचा सर्व भार वाहणारे, भूमीचा मल सर्वांत आधी अंगावर घेणारे आणि तरीही सर्वांत शेवटी ज्याकडे लक्ष जाते असे हे अंग. घरोघरी पाय घासण्यासाठी असलेली वज्री, झोपण्यापूर्वी तळपायास तूप लावून फिरविलेली काशाची वाटी आणि नखे काढण्यासाठी येणाऱ्या नाभिकाची नराणी ही आपल्याकडील पादसेवेची परंपरागत साधने होती. आज त्यांच्या जागी पेडिक्युअर आले आहे. पूर्वी मोठ्या शहरांतील ठरावीक वर्गापुरती असलेली ही सेवा आता तालुक्याच्या गावीही मिळते आणि लग्नसराईत व सणासुदीच्या दिवसांत तेथे नंबर लावावा लागतो.

हा विषय सौंदर्यशास्त्राचा असून चिकित्सकाचा त्याच्याशी काय संबंध, असे काही वाचकांस वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. मे 2019 मध्ये आलेल्या एका रुग्णेमुळे ते मत बदलले.

एक रुग्णानुभव

रुग्णा 54 वर्षांची, मधुमेहाचे निदान होऊन नऊ वर्षे झालेली. आधुनिक औषधांच्या जोडीने माझ्याकडील चिकित्सा नियमित चालू होती. मुलीच्या लग्नाआधी घरातील सर्व स्त्रियांनी मिळून पेडिक्युअर करून घेतले. टाचांची जाड त्वचा पात्याने तासली गेली आणि अंगठ्याच्या नखाचा कोपरा खोलवर कापला गेला. लग्नाच्या धावपळीत कोणाच्या काही लक्षात आले नाही. आठव्या दिवशी सकाळी चादरीवर डाग दिसला. अकराव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा अंगठा काळपट पडलेला होता, दुर्गंध येत होता आणि पावलावरील धमनीचे स्पंदन जेमतेम लागत होते. त्या मला म्हणाल्या, “डॉक्टर, दुखलंच नाही हो. दुखलं असतं तर आधीच आले असते.”

त्याच दिवशी त्यांना शल्यचिकित्सकाकडे पाठविले. अंगठा काढावा लागला, पाऊल वाचले. त्या रात्री त्यांचे केसपेपर काढून पाहिले. नऊ वर्षांत नाडी, जिव्हा, मूत्र, वजन यांची प्रत्येक वेळची नोंद होती. पायांच्या परीक्षणाची नोंद एकही नव्हती. ज्या सुप्तीमुळे त्यांना वेदना जाणवली नाही, ती एका दिवसात उत्पन्न झालेली नव्हती. प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांच्या सुप्तीचा आणि दाहाचा उल्लेख आपण अभ्यासक्रमात पाठ केलेला असतो. पात्याचा दोष त्या सलूनचा होता हे खरे, परंतु “तुमच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, पायास कोणाचे शस्त्र लागू देऊ नका” हे सांगणे माझे काम होते आणि ते राहून गेले होते.

पेडिक्युअरमध्ये नेमके काय घडते?

कोमट पाण्यात पाय 10 ते 15 मिनिटे भिजविल्याने त्वचेचा बाह्य थर मृदू होतो. त्यानंतर दगडाने, किसणीने वा पात्याने तो घासला जातो, नखे कापली जातात, नखमूळाजवळील त्वचेची पातळ घडी मागे सारून पुष्कळदा कात्रीने कापली जाते आणि शेवटी क्रीम चोळून मर्दन केले जाते. यातील प्रत्येक पायरीवर त्वचेचे आवरण थोडेथोडे दुर्बल होत जाते. नखमूळाची ती घडी म्हणजे नख व त्वचा यांच्यामधील फट बंद ठेवणारे निसर्गाचे झाकण होय. ती कापली की सूक्ष्म जंतूंना सरळ वाट मिळते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील क्षुद्ररोगाध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. नखमांसात वेदना, दाह व पाक उत्पन्न करणारा चिप्प म्हणजे आपले नखुरडे. अभिघाताने नख रूक्ष, काळे व खरखरीत होणे म्हणजे कुनख. दूषित चिखलाच्या संपर्काने बोटांच्या बेचक्यांत क्लेद, कंडू व दाह करणारा अलस म्हणजे पावसाळ्यातील चिखल्या. कदर म्हणजे कुरूप आणि पाददारी म्हणजे टाचांच्या भेगा. पेडिक्युअरसाठी लोक जातात ते बहुधा कदर व पाददारी घालविण्यासाठी, आणि निष्काळजीपणा झाल्यास परत येतात ते चिप्प, कुनख व अलस घेऊन.

संसर्गाची कल्पनाही आपल्या शास्त्रास नवी नाही. कुष्ठनिदानाच्या अखेरीस सुश्रुताचार्यांनी औपसर्गिक रोगांचे मार्ग सांगताना अंगस्पर्श, एकत्र शय्या-आसन यांबरोबर दुसऱ्याचे वस्त्र, माला व अनुलेपन यांचाही समावेश केला आहे. एकच पंचा, एकच क्रीमची बरणी आणि एकच घासणी अनेकांसाठी वापरणे याहून वेगळे नाही.

पाण्याच्या टबाची कथा

पाण्याच्या टबाकडे जगाचे लक्ष वेधणारी घटना 2000 साली अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात घडली. एकाच नेल सलूनमध्ये गेलेल्या ग्राहकांच्या पायांवर गुडघ्याखाली गळवे येऊ लागली. शोध घेता असे 110 ग्राहक आढळले. काहींना एकच गळू होते, तर एका व्यक्तीस 37. कारण ठरला मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा पाण्यात व मातीत सहज आढळणारा, क्षयाच्या जंतूचा दूरचा नातलग असलेला जंतू. सलूनमधील दहाही टबांत तो सापडला. पाणी खेळविणाऱ्या यंत्राच्या जाळीमागे केस व त्वचेचे कण साचून राहिले होते आणि त्या मळावर जंतूंची वाढ झाली होती. ग्राहकागणिक टबातील पाणी बदलूनही या जाळीमागील मळ तसाच राहत होता. आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. बाधितांपैकी 70 टक्के स्त्रियांनी पेडिक्युअरपूर्वी पायांवरील केस वस्तऱ्याने काढले होते, तर न बाधलेल्या ग्राहकांमध्ये हे प्रमाण 31 टक्के होते. वस्तऱ्याने होणारे सूक्ष्म क्षत हेच प्रवेशद्वार ठरले. त्यानंतर त्याच राज्यातील 18 सलूनमधील 30 टब तपासले असता 29 टबांत या वर्गातील जंतू मिळाले. तेव्हा हा एका सलूनपुरता अपघात म्हणता येत नाही, रचनेतच दोष आहे.

आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भाग असा की ही गळवे लगेच येत नाहीत. पेडिक्युअरनंतर काही आठवड्यांनी लहानशी पिटिका उठते, वाढते, पिकते, फुटते व व्रण लवकर भरत नाही. नेहमीची प्रतिजैविके बहुधा लागू पडत नाहीत. रुग्ण “उष्णतेची गळवे” म्हणून आपल्याकडे येतो आणि आपण रक्तदुष्टी व विद्रधी समजून रक्तशोधक कल्पांचा उपयोग सुरू करतो. म्हणून गुडघ्याखाली चिवट गळवे दिसल्यास मागील दोन महिन्यांत पेडिक्युअर, फूट स्पा वा तत्सम सेवा घेतली होती काय हे अवश्य विचारावे. होकार आल्यास पुवाची तपासणी करविताना प्रयोगशाळेस या वर्गातील जंतूंचा संशय असल्याचे स्पष्ट कळवावे, अन्यथा नेहमीच्या कल्चरमध्ये तो निसटू शकतो. या विकाराची चिकित्सा कित्येक महिने चालू शकते आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाचे साहाय्य घेणे हेच रुग्णहिताचे आहे.

अन्य संसर्ग

नखांतील व बेचक्यांतील बुरशी, तळपायावरील चामखीळ उत्पन्न करणारे विषाणू आणि नखुरड्याचे पूयजनक जंतू हे नित्याचे पाहुणे होत. रक्त निघाल्यास कावीळ-बी व कावीळ-सी यांचा धोका असतो. कावीळ-बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. कात्री “स्वच्छ दिसते” याला म्हणूनच काही अर्थ नाही. या विषाणूविरुद्ध लस उपलब्ध आहे, आणि ती ग्राहकाइतकीच रोज अनेकांचे पाय हातात घेणाऱ्या सलूनमधील मुलींनी घेणे आवश्यक आहे. आपल्या पंचकर्म साहाय्यकांनीही ती घेतली आहे काय, हे वाचकांनी तपासावे.

मॉलमधून व जत्रांतून दिसणारे मत्स्य-पेडिक्युअर कोणासही सुचवू नये. एकाच टाकीतील मासे अनेकांचे पाय टोचतात. ग्राहकागणिक मासे बदलत नाहीत आणि जिवंत माशांचे निर्जंतुकीकरण करण्याचा मार्ग नाही.

स्वच्छता, जंतुनाशन, निर्जंतुकीकरण

हे तीन शब्द आपण समानार्थी वापरतो, ते तसे नाहीत. मळ काढणे ही स्वच्छता. बहुतेक जंतू मारणे हे जंतुनाशन. बीजाणूंसह सर्व जंतू नष्ट करणे हे निर्जंतुकीकरण. पहिली पायरी वगळून दुसरी व तिसरी साधत नाही, कारण मळाच्या थराखाली औषध पोहोचत नाही.

धातूची उपकरणे साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून, धुऊन, कोरडी करून ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला 15 पौंड दाबाखाली किमान 15 ते 20 मिनिटे ठेवावीत. सलूनमध्ये दिसणारी निळ्या प्रकाशाची पेटी ही ठेवण्याची जागा समजावी. प्रकाश जेथे पडत नाही तेथे ती काहीच करीत नाही. स्पिरिटचा बोळा एकदा फिरविणेही पुरेसे नाही. टबासाठी प्रत्येक ग्राहकानंतर पाणी सोडून देणे, साबणाने घासणे, धुणे आणि मग जंतुनाशक द्रव 10 मिनिटे ठेवणे हा क्रम आहे. बाजारात मिळणाऱ्या सुमारे पाच टक्के हायपोक्लोराइटचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग घेतल्यास सुमारे अर्धा टक्का द्रावण होते. ते रोज ताजे करावे, धातूवर अधिक वेळ ठेवू नये आणि संडास धुण्याच्या आम्लयुक्त द्रवात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. पाणी खेळविणाऱ्या टबाची जाळी रोज रात्री काढून स्वच्छ करावी. साधे, नळ्या नसलेले स्टीलचे घमेले याहून सुरक्षित. लाकडी काड्या, कागदी कानस व सच्छिद्र दगड यांचे निर्जंतुकीकरण होत नाही. ते एका व्यक्तीपुरतेच असावेत.

येथे एक स्पष्टोक्ती करणे भाग आहे. त्रिफळा क्वाथ, निंबपत्र क्वाथ वा हरिद्रायुक्त जल व्रणप्रक्षालनास उत्तम, परंतु टबात कडुनिंबाची पाने टाकल्याने टब निर्जंतुक होत नाही. उपकरणे क्वाथात बुडवून “आयुर्वेदिक पद्धतीने स्वच्छ” म्हणणे ही शास्त्राची सेवा नव्हे. शस्त्र तापवूनच छेदन करण्याची दक्षता सुश्रुतसंहितेच्या सद्योव्रण चिकित्सेत सांगितलेली आहे, आणि तसे न केल्यास पाक होण्याचे भय टीकाकार डल्हणाने नोंदविले आहे. आपली परंपरा अग्नीने शस्त्र शुद्ध करण्याची आहे हे विसरू नये.

आपल्या घरात पाहू

वरील रुग्णेनंतर मी स्वतःच्या पंचकर्म कक्षात एक पूर्ण दिवस नुसती बसून राहिले. पादाभ्यंगापूर्वी पाय पुसण्यास एकच पंचा दुपारपर्यंत चालला. एकच वज्री तीन रुग्णांच्या टाचांवर फिरली. काशाची वाटी प्रत्येक वेळी तेलकट फडक्याने पुसली गेली, धुतली गेली नाही. साहाय्यिका प्रामाणिक होती, तिला कोणी सांगितलेच नव्हते. सलूनला नावे ठेवण्याचा अधिकार मला त्या दिवशी उरला नाही.

गेल्या काही वर्षांत काशाच्या थाळीची पादमर्दन यंत्रे गावोगाव आली. अनेक वैद्य व औषधालये ती ग्राहकांसाठी ठेवतात. एकामागून एक दहा जणांचे पाय त्याच थाळीवर ठेवले जातात. शिवाय थाळीवर येणारा काळा रंग म्हणजे “शरीरातील विष बाहेर पडले” असे सांगितले जाते. कासे हे तांबे व कथील यांचा मिश्रधातू आहे. तेला-तुपातील व घामातील आम्लांशी त्याची होणारी क्रिया आणि घर्षणाने निघालेले धातूचे सूक्ष्म कण यांमुळे तो काळा रंग येतो. पादाभ्यंगाचे गुण ग्रंथोक्त आहेत, त्यांना असत्याच्या टेकूची गरज नाही. थाळी प्रत्येक व्यक्तीनंतर साबण व गरम पाण्याने धुऊन, पुसून, जंतुनाशक लावूनच पुन्हा वापरावी. व्रण, भेगांतून रक्त, चिखल्या वा नखांची बुरशी असणाऱ्यास त्यावर बसवूच नये. जलौका एका रुग्णाची दुसऱ्यास न लावण्याचा नियम आपण पाळतो, तोच विवेक येथे ठेवावा. वापरलेली पाती व सुया 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार न टोचणाऱ्या डब्यातच टाकाव्यात. हे नियम आयुष रुग्णालयांसही लागू आहेत.

औषधालय चालकांसाठी

पायाच्या तक्रारी घेऊन रुग्ण वैद्याआधी आपल्या काउंटरवर येतो. कुरुपावर लावायच्या सॅलिसिलिक आम्लाच्या पट्ट्या देण्यापूर्वी “साखर आहे का?” हा एक प्रश्न विचारावा. संवेदना हरपलेल्या पायावर या पट्टीने भाजून खोल व्रण होऊ शकतो. चिखल्यांवर स्टेरॉइडयुक्त मिश्र मलम हातोहात देऊ नये. त्याने कंडू तात्पुरती शमते, बुरशी मात्र बळावते. त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइड द्रव्ये 2018 पासून शेड्यूल एच मध्ये आहेत व ती चिठ्ठीविना देता येत नाहीत. भेगांसाठी कोकमतेल, म्हणजे कोकणातील मुठेल, किंवा चरकोक्त जीवन्त्यादी यमकासारखे स्नेह देता येतात, मात्र त्वचा अखंड असताना. रक्त वा पू असेल तर वैद्याकडे पाठवावे.

रुग्णास काय सांगावे?

1. मधुमेह, पायास बधिरता, रक्तपुरवठ्याचा विकार, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असल्यास सलूनमध्ये पेडिक्युअर करू नये. पायांची निगा वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावी.
2. आधी एक दिवस तरी पायांवर वस्तरा वा वॅक्सिंग करू नये. जखम, डासाचा चावा, खरचटलेले असल्यास बेत पुढे ढकलावा.
3. नेलकटर, कानस, घासणी व पंचा घरून न्यावा.
4. पाते लावू देऊ नये. नखमूळाची त्वचा कापू देऊ नये. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल खणू नयेत.
5. टब आपल्यासमोर धुण्यास सांगावे. संकोच वाटत असल्यास भिजविण्याची पायरी वगळावी.
6. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तेल वा क्रीम तळपायास लावावे, बेचक्यांत नको.
7. लाली, सूज, ठणका, पू, काळेपणा, ताप यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी यावे. मधुमेही व्यक्तीने वेदनेची वाट पाहू नये, पाय रोज डोळ्यांनी पाहावेत.

आता काय करता येईल?

माझ्या चिकित्सालयात आता प्रत्येक मधुमेही रुग्णाचे पाय दर तीन महिन्यांनी पाहिले जातात. चप्पल काढणे, बेचक्या उघडणे, पावलावरील धमनीस्पंदन तपासणे, 10 ग्रॅमच्या नायलॉन तंतूने संवेदना पाहणे आणि केसपेपरवर लिहिणे या सर्वास चार-पाच मिनिटे लागतात. प्रत्येक रुग्णास स्वतःचा पंचा व स्वतःची वज्री आणावयास सांगितले जाते. खर्च नगण्य आहे.

सलून चालविणाऱ्या भगिनींशी भांडण करण्याचे कारण नाही. त्या कष्टाने व्यवसाय करतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना निर्जंतुकीकरण कोणी शिकविलेले नाही. मी आमच्या गावातील काही जणींना एका दुपारी बोलावून ऑटोक्लेव्ह चालवून दाखविला. घरच्या प्रेशर कुकरचेच तत्त्व आहे हे कळताच त्यांची भीती गेली. दोघींनी पाते वापरणे बंद केले. मधुमेही ग्राहक आल्यास आता त्या आधी मला फोन करतात. तालुका शाखांनी वर्षातून एकदा, लग्नसराई सुरू होण्यापूर्वी, असा अर्धा दिवस राखून ठेवल्यास पुष्कळ अनर्थ टळतील.

ती रुग्णा आजही माझ्याकडे येते. आत येताच कोणी न सांगता चप्पल बाजूला काढून पाय पुढे करते. मीही प्रथम पायच पाहते. आपण सर्वांनी आपापल्या चिकित्सालयात उद्यापासून एवढे करावे, अशी नम्र विनंती.